माया १८, तलवार १७

मुलुंडला एका मित्राच्या घरी आम्ही पात्रं वाटून घेऊन गोष्टीचा खेळ मांडतो. सध्या चिमाजी अप्पांची १७३९ची वसईची मोहीम चालू आहे. परवा वेसाव्याच्या एका कोळ्याला किल्ल्यात अडकलेल्या भावापर्यंत पोचायचं होतं आणि वाटेत फिरंगी पहारेकरी उभा. कोळ्याच्या कागदावर ‘भावावरची माया १८’, पहारेकऱ्याची तलवार १७. कोळी खेळणारी मुलगी पटकन म्हणाली, “अठरा मोठे ना? मग मी जिंकले.” ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

फासे टाकून निकाल लागतो, हे सांगायला नको. प्रश्न आकड्यांच्या जातीचा आहे. १९७४च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अशाच खेळात ताकदीचा आकडा तीन फाशांच्या बेरजेतून यायचा, तिथे १८ म्हणजे २१६ फेकींत सरासरी एकदा. ग्रेग स्टॅफर्डच्या १९८५च्या ‘पेंड्रॅगन’मध्ये कसब १८ असेल, तर वीस बाजूंच्या फाशावर शंभरात नव्वद वेळा ते साधतं. आकडा तोच, वजन वेगळं. त्याच खेळात दया आणि क्रौर्य अशा स्वभावाच्या १३ जोड्या आहेत आणि प्रत्येक जोडीची बेरीज २०. दया वाढली की क्रौर्य तेवढंच घटतं. तलवारबाजीला असा जोडीदार नाही.

म्हणून माझा जुना आग्रह: हाताचं कसब वेगळं, मनाची ओढ वेगळी. ओढ माणसाला पहारेकऱ्यासमोर नेऊन उभं करते. पुढचा वार कसा चुकवायचा, ते तिला ठाऊक नसतं.

आमच्यातल्या बोरिवलीच्या मित्राला हे मुळीच मान्य नाही. त्याला सगळ्याला एकच पट्टी हवी. रॉबिन लॉज आणि स्टॅफर्ड यांच्या ‘हीरोक्वेस्ट’मध्ये नातं, शस्त्र, श्रद्धा सगळं एकाच मापात मोजतात, हा त्याचा दाखला. मी त्याच्यापुढे बुद्धिबळ ठेवतो. पट तोच, सोंगट्या त्याच, तरी जागतिक बुद्धिबळ संघटना फिडे क्लासिकल, रॅपिड आणि ब्लिट्झची मानांकनं वेगवेगळी ठेवते. घड्याळ बदललं की आकडा बदलतो, मग माया आणि तलवार एका मापात कशी बसणार? “बुद्धिबळात गोष्ट नसते,” एवढंच तो म्हणतो. हे काही उत्तर नव्हे.

पण गोष्ट म्हटलं की मला महाभारतातला नळ आठवतो. द्यूतात राज्य हरलेला नळ बाहुक नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची बातमी येते आणि राजाला एका दिवसात विदर्भ गाठायचं असतं. वाटेत ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाची पानं-फळं नुसत्या नजरेने मोजून सांगतो. नळ रथ थांबवतो, झाड पाडून फळं मोजतो. हिशेब बरोबर निघतो. मग राजा त्याला अक्षविद्या देतो, नळ बदल्यात अश्वविद्या कबूल करतो. घोडे हाकणं आणि फासे जाणणं यांत साम्य काय? काहीच नाही. तरी तिथे दोन्हींचं मोल सारखं ठरलं, कारण एकाला वेळेत पोचायचं होतं आणि दुसऱ्याला राज्य परत जिंकायचं होतं.

इथे माझा आग्रह सैल होतो. विद्यांचं मोल त्यांच्या जातीवरून ठरलंच नाही, कोणाला काय हवं होतं त्यावरून ठरलं. झुंज ‘कोण कोणाला कापतो’ याची असेल, तर कोळ्याची माया फासा टाकायला पुढे येऊ शकत नाही. फार तर त्याच्या कोयत्याच्या आकड्यात थोडी भर घालेल. झुंज ‘भावापर्यंत पोचतो का’ याची असेल, तर कोळी जखमा झेलत, चिखलातून सरपटतही जाईल आणि तिथे माया १८ आणि तलवार १७ एकाच पट्टीवर खुशाल भिडाव्यात. म्हणजे पट्टी एकच चालेल, हे मला मान्य करावं लागतं. मात्र पट्टीवर कोणी उतरायचं, हे आकडा ठरवत नाही. झुंज कशासाठी आहे, ते ठरवतं.

तेव्हा अंधेरी, घाटकोपर, कुठेही असा खेळ चालवणाऱ्यांना एक विनंती: फासे हातात देण्याआधी दोन्ही बाजूंना काय हवंय, ते त्यांच्या तोंडून वदवून घ्या. आकडे त्यानंतर बघा.