न दिसणारे श्रेय

वैशाख सरत आला, की भोर आणि वेल्हे भागांतील डोंगराकडच्या गावांत लगबग सुरू होते. कौले चाळली जातात, सरपण आत घेतले जाते, आणि पश्चिमेच्या भिंतींना व खिडक्यांना गवताचा, कामट्यांचा, अलीकडे बहुधा प्लॅस्टिकच्या कागदाचा आडोसा बांधला जातो. कारण सह्याद्रीवरून येणारा पाऊस तिरपा येतो व फटीफटीतून घरात शिरतो. वरंधा घाट उतरून पुढे किनारा गाठावा, तो तेथील मच्छीमारही त्याच सुमारास होड्या वर ओढून झाकीत असतो. घर असो की होडी, या कामाला शब्द एकच आहे: शाकारणे.

या कामाचे दुर्दैव असे, की ते उत्तम साधले म्हणजे कोणाच्या ध्यानातही येत नाही. भिंत कोरडी राहिली तर ती कोरडीच असायची होती असे आपण समजतो. उलट, मध्यरात्री घरात शिरलेले पाणी उपसणारा मात्र शूर ठरतो. मग या दोघांत अधिक आदरास पात्र कोण?

याचे उत्तर वेल्हे भागानेच एकदा फार महाग किंमत घेऊन दिले आहे. १९६१ साली पानशेत धरणात पाणी साठू लागले, तेव्हा पाणी सोडण्याच्या मार्गाचे काम अपुरे होते. बांध खचू लागल्यावर जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून तो धरून ठेवला, आणि १२ जुलैस फुटला तो दिवसाउजेडी. त्या काही तासांनी पुण्यातील असंख्य जीव वाचले. त्या शौर्यापुढे मस्तक नमवावे तितके थोडेच. परंतु त्या शौर्याची वेळ यावी हेच मुळी शोचनीय नव्हते काय? एकाची दिरंगाई किंवा घाई पुष्कळदा दुसऱ्याच्या पराक्रमाने फेडली जाते.

यावर कोणी म्हणेल, की वादळ न आल्यास सारे श्रम वायाच जाणार. पण वादळ आपला मुहूर्त पाहून येत नाही. २०२० साली 'निसर्ग' चक्रीवादळ मृग लागण्यापूर्वीच, ३ जूनला, रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि पुणे जिल्ह्याच्या पश्चिम भागातही घरांची छपरे उडाली. शिवाय, फळ डोळ्यांनी दिसले तरच कर्म सार्थ मानावयाचे, तर औषधापेक्षा पथ्य नेहमीच हलके ठरेल.

समाज ज्याची स्तुती करतो तेच गुण त्यात वाढीस लागतात. आपण केवळ संकटातील धाडसाचेच गोडवे गात राहिलो, तर संकटे टाळणारी माणसे आपल्यात विरळ होतील. स्वच्छ आकाशाखाली, कोणी पाहत नसता, आडोशाची गाठ घट्ट बांधणाऱ्या माणसाचे आपण ऋणी आहो. आणि ते ऋण मान्य करण्यासाठी पूर येण्याची वाट पाहणे बरे नव्हे.