असन्निधानातील द्वितीया

'असन्निधान' हा शब्द आपण प्रवचनात इतक्या सहजतेने उच्चारतो की त्यातील दुःख बहुधा आपल्या ध्यानी येत नाही. सर्वज्ञ श्रीचक्रधर प्रभूंच्या उत्तरापंथ गमनानंतर श्रीनागदेवाचार्यादी भक्तांवर जो प्रसंग ओढवला, त्याचे ते नाव. २०२० साली तोच शब्द, अगदी अल्प प्रमाणात का होईना, प्रत्येक वासनिकाच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहिला.

त्या वर्षी २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागू झाली. महाराष्ट्रातील देवस्थाने पुन्हा उघडली ती १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्यास. प्रभूंच्या अवतारदिनाची भाद्रपद शुद्ध द्वितीया २० ऑगस्ट रोजी आली, ती या बंदीतच. नाशिकच्या अंबड भागात राहणाऱ्या एका उपदेशी सद्भक्ताच्या घरी या दिवशी चारही भाऊ मुलाबाळांसह जमावेत, सर्वांनी मिळून आश्रमात जावे, देवाला विडा अवसर व उपहार करावा, हा वडिलांपासूनचा परिपाठ. त्या वर्षी त्याने भावांना येऊ नका म्हणून कळविले. वृद्ध मातोश्रींना ते मानवले नाही. पुढील द्वितीया येण्यापूर्वीच त्यांचे देहावसान झाले. त्याने आम्हास विचारले, "कारखाना सुरू झाला होता, तेथे मी रोज जात होतो. पोटासाठी जाणे चालले आणि देवासाठी जमणे चालले नाही, हा दोष नव्हे काय?"

प्रश्न तीक्ष्ण आहे. "स्मरण काय, घरीही होते" असे सांगून त्याची बोळवण करणे योग्य नव्हे. स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक ही चार साधने असन्निधानातील जीवाच्या स्मरणाला आधार म्हणून आहेत. घरबसल्या स्मरण पुरेसे असते तर त्यांचे प्रयोजनच उरले नसते. त्या द्वितीयेस या घरात चारांपैकी काय शिल्लक होते? स्थानाची दारे बंद. भिक्षुकांचे अटन थांबलेले. ज्यांनी एका ठिकाणी गुंतून राहू नये, त्यांनाच जागच्या जागी राहावे लागले. वासनिक बंधू आपापल्या गावी. उरले ते देवपूजेतील विशेष. म्हणजे हानी झाली, आणि मातोश्रींचे दुःख अज्ञानाचे नव्हते.

आता दुसरी बाजू. पारध्यांच्या भयाने प्रभूंच्या आश्रयास आलेल्या सशाची लीळा बालकांनाही ठाऊक आहे. ज्या पंथात अहिंसेचा विचार इतक्या सूक्ष्मतेने केला गेला, त्याच्या अनुयायास या रोगाने एक नवी अडचण घातली. बाहेरून निरोगी दिसणाऱ्या माणसाच्या श्वासातूनही तो दुसऱ्यास जडत असे. हे कळल्यावर "मला ठाऊक नव्हते" ही पळवाट राहात नाही. येथेच त्या सद्भक्ताच्या प्रश्नाची दिशा उलटते. तो रोज शेकडो कामगारांत वावरून घरी येत होता, म्हणूनच त्याने भावांची लेकरे आणि थकलेली आई एका पंगतीत बसवू नयेत हे उचित होते. कारखान्यात जाणे त्याच्या इच्छेवर नव्हते. पंगत मांडणे मात्र त्याच्या हाती होते.

तथापि एवढ्याने तो निर्दोष ठरतो असे आम्ही म्हणणार नाही. तोच बाह्य आचार अहिंसेपोटी घडतो आणि भयापोटीही घडतो. त्याने प्रांजळपणे सांगितले की स्वतःच्या जिवाचीही धास्ती होती. त्यात लाज मानण्याचे कारण नाही. नरदेह साधनासाठी लाभला आहे, तो राखणे पाप नव्हे. परंतु भावांना त्याने "सरकारने मनाई केली आहे" एवढेच कळविले, आणि आईलाही तेच उत्तर दिले. आपले भय आणि आपली काळजी दोन्ही त्याने शासनाच्या आज्ञेआड लपविली. आईजवळ (हवे तर दाराबाहेर) बसून "तुम्हाला माझ्यापासून जपतो आहे" हे एक वाक्य तो बोलला नाही. दोष शोधायचाच तर तो येथे आहे.

मातोश्रींनी मात्र रुसव्यातही आपले कर्तव्य ओळखले. उपहारासाठी आणून ठेवलेले तांदूळ, डाळ, गूळ त्यांनी शेजारच्या मुलाकरवी आश्रमाच्या दारापर्यंत पोहोचते केले. त्याच वर्षी एप्रिल-मे महिन्यांत अंबडजवळून जाणाऱ्या मुंबई-आग्रा महामार्गावर परप्रांतीय मजुरांचे तांडे पायी जात होते. १ मेच्या रात्री नाशिकरोडहून भोपाळकडे त्यांच्यासाठी पहिली गाडी सुटेपर्यंत त्यांना पायांवाचून दुसरे वाहन नव्हते. घरी राहणे हा धर्म ठरला तेव्हा ज्यास घरच नाही त्याचा धर्म कोणता, हे त्या माउलीस विचारावे लागले नाही. भिक्षुकालाही घर नसते.

असन्निधानाने आपणास काय दिले तेही येथे आठवते. प्रभू समोर असताना लीळा लिहून ठेवण्याची कोणास निकड वाटली नव्हती. वियोगानंतर म्हाइंभटांनी ज्याने जे पाहिले-ऐकले ते विचारीत, पडताळीत 'लीळाचरित्र' सिद्ध केले.

२०२१ ची द्वितीयाही बंदीतच गेली. २९ ऑगस्ट २०२२ रोजी चारही भाऊ अंबडला आले. उपहारानंतर मातोश्री सांगत असत ती सशाची लीळा प्रत्येकाने आपल्या आठवणीप्रमाणे सांगितली. दोघांच्या सांगण्यात मेळ बसेना, आणि कोणाची आठवण खरी यावर रात्री उशिरापर्यंत वाद चालला.