चाकरी आणि भागीदारी

मनुष्याचें मन वेतनानें विकत घेतां येतें काय, हा प्रश्न जुनाच आहे. परंतु अलीकडे त्यास नवें रूप आलें आहे. गुणी माणसें मिळावींत व टिकावींत म्हणून कंपन्या आपल्या नोकरांस पगाराबरोबर स्वतःचे भाग, म्हणजे शेअर, देऊं लागल्या आहेत. १९८१ सालीं पुण्यास अल्प भांडवलावर निघालेल्या इन्फोसिस कंपनीनें १९९४ सालीं अशी योजना सुरू केली, आणि मध्यमवर्गीय घरांतील कित्येक तरुण तिच्या योगानें संपन्न झाले. याबद्दल कोणासही आनंदच वाटेल.

तथापि हे भाग बहुधा एकदम हातांत पडत नाहींत. कांहीं वर्षें सेवा केल्यावरच त्यांवर हक्क पोंचतो, आणि मुदतीपूर्वीं जो जाईल त्याचा उरलेला हिस्सा बुडतो. असा मनुष्य निष्ठेनें राहिला कीं लोभानें, हें त्याचें त्यालाही सांगतां येणार नाहीं. बेडी सोन्याची झाली तरी ती बेडीच.

कोणी म्हणेल, वांटा मिळाला म्हणजे काम आपलें वाटूं लागतें. तें खरें, परंतु मालकींत वांटा आणि अधिकार अशीं दोन अंगें असतात. इंग्लंडांत जॉन स्पेडन लुईस यांनीं १९२९ सालीं आपला दुकानांचा व्यवसाय कामगारांच्या हितासाठीं विश्वस्तांच्या स्वाधीन केला. तेथें नोकरांस ‘भागीदार’च म्हणतात, व त्यांनीं निवडलेल्या प्रतिनिधींस कारभारांत बोलण्याचा अधिकार असतो. उलट, दाभोळच्या प्रकल्पामुळें आपल्याकडे माहीत झालेल्या अमेरिकेंतील एन्रॉन कंपनीच्या नोकरांनीं म्हातारपणची बरीचशी पुंजी तिच्याच भागांत ठेविली होती. डिसेंबर २००१ मध्यें कंपनीनें दिवाळें काढलें, तेव्हां हजारोंची नोकरी व पुंजी बरोबरच गेली. हिशेबांतील लबाडी वरिष्ठांस ठाऊक होती. या नांवाच्या मालकांस तिचा पत्ताही नव्हता.

म्हणून आमचें मत असें, कीं ज्या भागाबरोबर खरा हिशेब पाहण्याचा व प्रसंगीं ‘नाहीं’ म्हणण्याचा अधिकार येत नाहीं, तो केवळ लांबणीवर टाकलेला पगार होय. पगार देण्याघेण्यांत कमीपणा नाहीं. त्यास भागीदारी म्हणण्यांत मात्र फसवणूक आहे. घरांतील मुलगा वा मुलगी असा देकार घेऊन आल्यास वडीलधाऱ्यांनीं भागाची किंमत विचारण्याआधीं एवढेंच विचारावें: हे भाग नसते, तरी तूं तेथें राहिला असतास काय?