कुमारवय आणि उदास इंडी रॉक

उदास इंडी रॉक कुमारवयीन मुलांनी ऐकावे का, हा प्रश्न या संगीताइतकाच जुना आहे. १९८०च्या आसपास इंग्लंडमध्ये हे संगीत आकाराला आले. मँचेस्टरची फॅक्टरी, लंडनची रफ ट्रेड अशा छोट्या स्वतंत्र, म्हणजे ‘इंडी’, कंपन्या बेताच्या भांडवलावर रेकॉर्ड काढत. गाणे सर्वांना रुचेल असे गोडगुळगुळीत करण्याचा आग्रह तिथे कमी होता. त्यामुळे एकटेपणा, बुजरेपणा, एकतर्फी प्रेम, गावातला रटाळपणा, मरणाचे विचार असे विषय गाण्यांत मोकळेपणाने आले. पंधराव्या-सोळाव्या वर्षी हे विषय डोक्यात घोळतच असतात. म्हणून या संगीताला त्या वयाचा श्रोता मिळाला, आणि त्याच कारणाने पालकांनी धास्तीही घेतली.

धास्तीचा इतिहास बहुतेक करून इतर प्रकारच्या रॉकशी जोडलेला आहे. अमेरिकेत १९८५ साली पालकांच्या एका मोहिमेमुळे सिनेटच्या समितीपुढे रॉकच्या शब्दांवर सुनावणी झाली आणि रेकॉर्डवर इशाऱ्याची पट्टी आली. १९९० साली नेवाडा राज्यातल्या रीनो शहरात जूडास प्रीस्ट या हेवी मेटल बँडवर खटला चालला. दोन तरुणांच्या आत्मघाती कृत्याबद्दल न्यायालयाने बँडला जबाबदार धरले नाही. इशाऱ्याची पट्टी शिवीगाळ, लैंगिक उल्लेख, हिंसा अशा गोष्टींपुरती असते. उदासपणा तिच्या कक्षेत येत नाही, आणि तो मोजणार तरी कोण?

शब्दांवरून गाण्याची परीक्षा करणे किती फसवे असते, हे द स्मिथ्स या मँचेस्टरच्या बँडवरून दिसते. १९८६ सालच्या ‘द क्वीन इज डेड’ या अल्बममधले त्यांचे गाजलेले गाणे कागदावर वाचले तर कोणाही पालकाच्या काळजाचा ठोका चुकेल, कारण त्यातला नायक प्रिय व्यक्तीशेजारी अपघातात मरण आले तरी चालेल असे म्हणतो. प्रत्यक्षात चाल उमलत जाणारी आहे, तंतुवाद्यांचे सूर गाण्याला वर उचलतात, आणि नायकाची ती अतिशयोक्ती थोडी हास्यास्पद आहे हे गाणाऱ्यालाही ठाऊक आहे. (ती तंतुवाद्येही खरी नव्हेत, यंत्रातून काढलेल्या त्या सुरांचे श्रेय अल्बमवर एका काल्पनिक वाद्यवृंदाला थट्टेने दिलेले आहे.) याच अल्बममध्ये साहेबाची टिंगल करणारे एक गाणे आहे, पाद्र्याची फिरकी घेणारे दुसरे. सुमारे ३७ मिनिटांत रडू, हसू आणि राजघराण्यावरचा राग असे सगळे येऊन जाते.

वाङ्मयाचा आनंद कशात असतो हे सांगताना न. चिं. केळकरांनी ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली होती. रसिक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःचे भान सोडत नाही. उदास गाणे मानवते ते याच अटीवर. दुःख कोणीतरी आधीच शब्दांत मांडले आहे हे कळले की मुलाला आपण एकटेच विचित्र नाही असा धीर येतो, आणि गाणे संपल्यावर मूल जेवायला येते. ही अट सुटली की तेच गाणे अंगावर येते. मानसशास्त्रातल्या अभ्यासांचा रोखही असाच आहे. सँड्रा गॅरिडो आणि एमरी शूबर्ट यांना आढळले, की एकच दुःख उगाळत बसण्याची सवय असलेल्यांचा मूड उदास संगीताने आणखी खालावतो. फिनलंडच्या सुवी सारिकालिओ यांनी सहकाऱ्यांसह कुमारवयीनांसाठी केलेली प्रश्नावली तर मूल कोणत्या प्रकारचे संगीत ऐकते याऐवजी ऐकल्यावर त्याचे काय होते हे विचारते: बरे वाटते, की वाईट आठवणींत अडकायला होते?

खरी काळजी मात्र गाण्यांपेक्षा त्यांच्याभोवतीच्या दंतकथांची करावी. जॉय डिव्हिजन या बँडचा गायक इयन कर्टिस १८ मे १९८० रोजी वयाच्या २३व्या वर्षी आत्महत्येने गेला. त्यानंतर दोन महिन्यांनी ‘क्लोजर’ हा अल्बम निघाला. मुखपृष्ठावर जिनोव्हाच्या दफनभूमीतल्या थडग्याचे छायाचित्र होते. ते आधीच निवडलेले होते, पण चाहत्यांना त्यात संकेत दिसू लागले. फेफऱ्याचे झटके, त्यावरची जड औषधे, मोडत चाललेला संसार आणि लहान मुलगी, एवढ्या ओझ्याखाली एक आजारी तरुण खचला. त्याचे हौतात्म्य झाले ते लोकांच्या बोलण्यात. मुलांना अल्बमइतकेच हे चरित्रही माहीत असावे. दुःखामुळेच कला खरी होते आणि मरणाने ती पूर्ण होते ही समजूत पंधराव्या वर्षी फार मोहक वाटते, आणि ती खोटी आहे.

ऐकण्याची रीतही आता बदलली आहे. रेकॉर्डची एक बाजू संपली की सुई उचलून रेकॉर्ड उलटावी लागे. तेवढ्यात खोलीतले आवाज कानावर पडत. स्ट्रीमिंग अ‍ॅप ‘सॅड’ नावाच्या प्लेलिस्टमध्ये प्रत्येक अल्बममधले फक्त रडके गाणे उचलते आणि मागोमाग तसलेच दुसरे लावते. साहेबाची टिंगल तिथे गळून पडते. रात्री दोन वाजता इअरफोन लावून पडलेल्या मुलापर्यंत बँडची अर्धीच बाजू पोचते. त्यामुळे पूर्ण अल्बम ऐकायला लावणे हा गाण्यांवर बंदी घालण्यापेक्षा बरा उपाय ठरतो.

तेव्हा साधारण तेरा-चौदा वर्षांपुढच्या, एरवी खाणेपिणे आणि दोस्तमंडळी सुरळीत असलेल्या मुलाला हे संगीत चालते. काही मुलांना ते मोठा आधार देते. कुमारवयाआधी यातले बरेचसे कळतच नाही, आणि अर्धवट कळलेले घाबरवते. मूल तेच एक गाणे दिवसचे दिवस ऐकते, झोपत नाही, मित्रांना टाळते, जगण्याला अर्थ नाही अशा अर्थाचे बोलते, तेव्हा प्रश्न गाण्याचा उरलेला नसतो. बहुधा अशा वेळी गाण्यांनी मूल उदास केलेले नसते, उदास झालेल्या मुलाने ती गाणी शोधलेली असतात. हेडफोन काढून घेतल्याने घरच्यांना ती खूण दिसेनाशी होते एवढेच. मुलाशी थेट बोलावे आणि उशीर न करता डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे न्यावे.