पिस्तूल निवडताना



आपल्या धर्मग्रामातला एक तरुण नोकरीनिमित्त अमेरिकेत आहे. सुट्टीच्या दिवशी तिथल्या मित्रांबरोबर तो नेमबाजीच्या मैदानावर जातो. आता त्याला स्वतःचे नऊ मिलिमीटरचे नवे पिस्तूल घ्यायचे आहे, निव्वळ करमणुकीसाठी. त्याने मला विचारले, "फादर, हे पाप आहे का?" आणि लगेच पुढे, "पाप नसेल तर कोणते घेऊ?" दुसऱ्या प्रश्नातला मी जाणकार नाही, हे सांगायला नको. पण विचार करत गेलो तसे वाटू लागले, की पहिल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर दुसऱ्या प्रश्नात दडलेले आहे. त्याच्या संमतीने तो विचार येथे मांडतो. आपल्यापैकी कितीतरी घरांतली मुले परदेशात आहेत, आणि ऑलिंपिक पाहून इथलीही मुले नेमबाजी शिकतो म्हणू लागली आहेत.

इथे राहणाऱ्यांपुरता नऊ मिलिमीटरचा प्रश्न कायद्याने मिटवला आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांप्रमाणे सैन्याचे नऊ मिलिमीटरचे काडतूस ज्यातून उडते ते पिस्तूल निषिद्ध वर्गात मोडते आणि सामान्य नागरिकाला त्याचा परवाना मिळत नाही. न्याय्य कायदा पाळणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्यच आहे. अमेरिकेत मात्र कायदा सहसा आड येत नाही, म्हणून सगळा भार माणसाच्या विवेकबुद्धीवर पडतो.

नेम धरून मारणे हा खेळ म्हणून पाप नाही. खेळाविषयी संत थॉमस अक्वायनस यांनी स्वतंत्र विचार केला आहे, आणि योगायोग असा, की तिथे त्यांनी सांगितलेली गोष्ट धनुष्यबाणाचीच आहे. संत योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळत होते. ते पाहून काही माणसांना धक्का बसला. त्यांच्यातल्या एकाजवळ धनुष्य होते. योहानने त्याला बाण मारायला सांगितले, पुन्हा पुन्हा मारायला सांगितले, आणि विचारले, असेच न थांबता मारत राहशील का? तो म्हणाला, तसे केले तर धनुष्य मोडेल. मनाचेही तसेच आहे, असे योहानने त्याला समजावले. संत थॉमस खेळाला सद्गुणाच्या यादीत जागा देतात. फक्त त्या खेळात कोणाला इजा होणारे काही नसावे, मनाचा तोल सुटू नये, आणि तो खेळ त्या माणसाला, वेळेला व स्थळाला शोभावा, एवढे पाहायला सांगतात. अलिबागच्या किंवा काशीदच्या किनाऱ्यावर छऱ्याच्या बंदुकीने फुगे फोडणाऱ्या पोरांना कोणी कन्फेशनला पाठवत नाही.

तरीही पिस्तूल हा फुटबॉल नव्हे. तरुण म्हणतो, "फादर, वस्तू वाईट नसते, वापरणारा वाईट असतो." हे वाक्य अर्धे खरे आहे. प्रत्येक वस्तू कशासाठी तरी घडवलेली असते, आणि तिच्या घडणीत तो हेतू उतरलेला असतो. नऊ मिलिमीटरचे हे काडतूस विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत गेओर्ग लुगर यांनी तयार केले. त्याला पाराबेलम म्हणतात. सेमिनरीत लॅटिन शिकलेल्याला त्याचा अर्थ लगेच कळतो: युद्धाची तयारी कर. ते कागदाला भोके पाडण्यासाठी घडवले नव्हते. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींवर झाडलेल्या तीन गोळ्या बेरेटा कंपनीच्या पिस्तुलातल्या होत्या. काडतूस जरा आखूड, पण माप नऊ मिलिमीटरच. १३ मे १९८१ रोजी संत पेत्राच्या चौकात पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर जे पिस्तूल रोखले गेले तेही नऊ मिलिमीटरचे ब्राउनिंग होते. त्यातली एक गोळी आज फातिमा मातेच्या मुकुटात बसवलेली आहे. फातिमा मातेची नोव्हेना करणाऱ्यांपैकी कितीजणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

याच मापाच्या पिस्तुलाने कोणी प्रामाणिकपणे खेळ खेळू शकतो का? शकतो. तिथे या काडतुसाला धक्का बेताचा, ते स्वस्त, सगळीकडे मिळणारे. खेळासाठी ते घेणारे लाखो लोक आहेत आणि ते सगळे खुनशी आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. पोलीस आणि सैनिक तर कर्तव्य म्हणूनच ते बाळगतात. प्रेषितांच्या कृत्यांतला कर्नेल्य शताधिपती होता, आणि पेत्राने त्याला बाप्तिस्मा देण्याआधी तलवार टाकायला सांगितल्याचे कुठे लिहिलेले नाही.

म्हणून खरा मुद्दा निवडीचा. संत थॉमस म्हणतात, की निवड ही साधनांची असते, साध्याची नसते. साध्य आधीच ठरलेले असते. दुकानात उभे राहून आपण फक्त त्याला जुळणारे साधन शोधतो. डॉक्टर औषध निवडतो तेव्हा रोगी बरा व्हावा हे त्याने कधीच ठरवलेले असते. याचा अर्थ असा, की माणसाने काय निवडले हे नीट पाहिले, तर त्याला काय हवे होते ते उमगते. कधी कधी त्याचे त्यालाही ठाऊक नसते.

त्या तरुणाने मला दोन पिस्तुलांची छायाचित्रे पाठवली होती. दोन्ही ग्लॉक कंपनीची, दोन्हींत तेच नऊ मिलिमीटरचे काडतूस. एक ३४ क्रमांकाचे: नळी साडेतेरा सेंटीमीटर लांब, नेम धरायची माशी आणि मागची खाच एकमेकींपासून दूर, त्यामुळे नेम अधिक अचूक धरता येतो, हातात मोठे, खिशात मावणार नाही. दुसरे ४३ क्रमांकाचे: नळी साडेआठ-पावणेनऊ सेंटीमीटर, चपटे, हलके, सहा गोळ्यांचे, शर्टाखाली कमरेला लावले तर दिसू नये असे. हलके असल्याने हाताला धक्का जास्त, लांबचा नेम अवघड. मी त्याला एवढेच विचारले, की करमणुकीसाठी घ्यायचे तर यातले दुसरे यादीत कसे आले? तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दुकानदार म्हणाला, दोन्ही कामे होतील."

दुसरे काम कोणते, हे दुकानदाराने सांगितले नाही आणि तरुणाने विचारले नाही. माझ्या मते नैतिक प्रश्न तेवढ्या न विचारलेल्या जागेत आहे. तिथल्या जाहिरातींची भाषा पाहा: किती गोळ्या मावतात, समोरच्याला थांबवण्याची ताकद किती, कपड्यांत लपते का. नेमबाजाला यातले काहीच लागत नाही. त्याला मूठ हाताला बसते का, चाप एकसारखा दाबला जातो का, वजनाचा तोल कुठे आहे, हे पाहायचे असते. स्वसंरक्षण हा वेगळा विषय आहे. ख्रिस्तसभा स्वतःच्या आणि आपल्या माणसांच्या प्राणांचे रक्षण करण्याचा हक्क मानते, आणि ज्याच्यावर दुसऱ्यांची जबाबदारी आहे त्याच्यासाठी ते गंभीर कर्तव्यही ठरू शकते असे सांगते. ज्याला त्या कारणासाठी शस्त्र हवे वाटते त्याने ते कारण उघड मान्य करावे, त्याची खरीच गरज आहे का हे तपासावे, बायकोशी बोलावे, कन्फेशनमध्ये बोलावे. माणसावर गोळी झाडण्याची तयारी करमणुकीच्या नावाखाली घरात येऊ नये. हे मी त्याला जरा कडक शब्दांत सांगितले.

आणखी एक गोष्ट त्याला विचारली: समोर लावलेल्या कागदावर काय छापलेले असते? आंतरराष्ट्रीय स्पर्धेत काळी वर्तुळे असतात. तिथल्या काही मैदानांवर मात्र माणसाच्या आकृतीचे कागदही मिळतात. वर्तुळाच्या मध्यावर नेम धरणे आणि छातीच्या मध्यावर नेम धरणे, यांत हाताची क्रिया तीच असते. मनाचीही तीच असते का? सवय ही माणसाचा दुसरा स्वभाव बनते, असे तत्त्वज्ञ सांगत आले आहेत. दर शनिवारी माणसाच्या आकृतीवर शंभर गोळ्या झाडणाऱ्याने याचा विचार जरूर करावा.

अचूक नेमाविषयी पवित्र शास्त्रात एक विलक्षण ओळ आहे. शास्ते या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात बन्यामीन वंशातल्या सातशे डावखुऱ्या गोफणबाजांचा उल्लेख येतो. केसावर नेम धरला तरी त्यांचा दगड चुकत नसे. तिथे 'चुकणे' यासाठी जो हिब्रू शब्द आहे, तोच शब्द इतरत्र 'पाप करणे' या अर्थाने येतो. प्रवचनात आपण हे अनेकदा ऐकतो, की पाप म्हणजे नेम चुकणे. पण हे न चुकणारे सातशे कोणाच्या बाजूने उभे होते, हे सहसा सांगितले जात नाही. गिबा गावातल्या नराधमांनी एका प्रवासी स्त्रीवर रात्रभर अत्याचार करून तिचा जीव घेतला होता, आणि बन्यामीन वंश त्या गुन्हेगारांना स्वाधीन करायला नकार देऊन लढाईला उभा राहिला होता. त्यांचा एकही दगड चुकत नव्हता, आणि तरी ते सगळेच चुकले होते. कौशल्य आणि सदाचार यांतला हा फरक ॲरिस्टॉटलनेही सांगितला आहे. बायबल तो सातशे माणसे उभी करून दाखवते.

आता आपल्या इथल्या मुलांविषयी. आपल्याच रायगड जिल्ह्यात पनवेलला सुमा शिरूर यांनी नेमबाज घडवण्याचे मोठे काम उभे केले आहे. त्या स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये हवेच्या रायफलच्या अंतिम फेरीत पोहोचल्या होत्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे हा तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता. त्याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पन्नास मीटर रायफलमध्ये ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवले. त्याच कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्णपदक जिंकले, तेही .२२ बोअरच्या, म्हणजे साडेपाच मिलिमीटरच्या आसपासच्या पिस्तुलाने.

सुरुवात करणाऱ्याचे हवेचे पिस्तूल तर फक्त साडेचार मिलिमीटरचे असते. ठराविक शक्तीच्या आत असेल तर त्याला परवानाही लागत नाही. दहा मीटरवरच्या कागदावरचे दहा गुणांचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे. चाप निदान पाचशे ग्रॅम जोराने दाबला जावा असा नियम आहे. या खेळात आवाज नाही, धूर नाही, दरारा नाही. तासन्तास उभे राहायचे, श्वास सोडायचा, हात स्थिर होईपर्यंत थांबायचे, आणि नाहीच झाला तर पिस्तूल खाली घ्यायचे. हे खाली घेणे प्रशिक्षक आवर्जून शिकवतात. प्रार्थनेत मन स्थिर होत नाही अशी तक्रार करणाऱ्या तरुणांना मी हा खेळ आनंदाने सुचवीन. चांगले परदेशी हवेचे पिस्तूल लाखाच्या वर जाते, तेव्हा पालकांनी आधी क्लबच्या पिस्तुलावर वर्षभर शिकू द्यावे. मुलाची हौस किती टिकते ते कळेल.

त्या तरुणालाही मी म्हटले, की साडेचार मिलिमीटरमध्ये तुझे समाधान होते का ते एकदा करून पाहा. झाले तर उत्तम. झाले नाही, तर काय कमी पडले ते स्वतःला विचार. धक्का सांभाळण्याची मजा कमी पडली असेल, तर ते खेळाचेच कारण आहे. हातात असताना मी मोठा वाटतो, लोक जपून बोलतात, हे कमी पडले असेल, तर त्याला खेळ म्हणू नकोस.

शेवटची गोष्ट घराची. मैदानावरचे पिस्तूल संध्याकाळी घरी येते, आणि घरात मुले असतात, भांडणे होतात, कोणाची नोकरी जाते, कोणी महिनोन्‌महिने उदास असते. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. करमणुकीसाठी घेतलेले पिस्तूल त्या रात्री करमणुकीचे राहत नाही. शक्य असेल तिथे ते क्लबच्या तिजोरीतच ठेवावे. घरी ठेवायचेच तर गोळ्या वेगळ्या, कुलूप वेगळे. आणि घरात कोणी निराशेत असेल तर ते घराबाहेर गेलेच पाहिजे, मग कितीही महागाचे असो. पाचव्या आज्ञेचा हा भाग आहे असे मी मानतो.

शस्त्राजवळ राहणाऱ्याने धाक सोडू नये, ही समज आपल्या गावाला जुनीच आहे. रेवदंड्याच्या किल्ल्यातला सातखणी मनोरा आपण रोज पाहतो. सात मजले आता उरले नाहीत. तो मनोरा फ्रान्सिस्कन बंधूंच्या मठाचा, आणि तो मठ संत बार्बराच्या नावाचा होता. संत बार्बरा ही तोफा डागणाऱ्यांची, खाणीत सुरुंग लावणाऱ्यांची आश्रयदाती संत. तिचा दिवस ४ डिसेंबर. १५७०-७१ मध्ये निजामशाही फौजेने चौलला वेढा घातला तेव्हा या तटांवरून तोफा धडधडत होत्या. तोफांवर काम करणारे तिचा धावा करत तो नेम लागावा म्हणून नव्हे. आपलीच दारू अचानक पेटून कन्फेशन आणि कम्युनियनविना मरण येऊ नये, एवढे ते तिच्याकडे मागत.