देवता पिणे : हित्ती पशुपात्रे आणि सान्निध्याचा प्रश्न

आजच्या तुर्कस्तानाच्या मध्यभागी हत्तुशा ही राजधानी वसवून राज्य करणाऱ्या हित्ती लोकांच्या मृत्तिकापट्टांत, म्हणजे ओल्या मातीवर कोरून जपलेल्या लेखांत, सणांच्या मेजवानीचे जे तपशील येतात त्यांत एक विधान पुन्हापुन्हा आढळते : राजा आणि राणी उभे राहून वादळदेवाला पितात. मग तंतुवाद्य वाजते, गायक गातो, जाड भाकरी मोडली जाते आणि पुढच्या देवतेची पाळी येते. देवतेच्या सन्मानार्थ पेय घेणे एवढाच याचा अर्थ काही अभ्यासक करतात, तर काहींना त्यात देवतेशी एकरूप होण्याची कल्पना दिसते.

हे पान पुष्कळदा ‘बिब्रू’मधून, म्हणजे सोन्याचांदीच्या पशुरूप पात्रातून होई, आणि देवतेनुसार पशूही बदले, वादळदेवाचा बैल, तर रानाच्या रक्षक देवाचा हरिण. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील इसवी सनापूर्वी 14व्या-13व्या शतकातील चांदीचे पात्र या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगे आहे. पाय दुमडून बसलेल्या हरिणाचा पुढचा अर्धा भाग मागे पेल्यात मिसळून जातो, आणि पेल्याच्या काठाखालील चित्रपट्टीत आसनस्थ देवी, हरिणावर उभा असलेला देव, त्यांच्याकडे येणारे तीन उपासक आणि झाडाच्या बुंध्याशी पडलेला मारलेला हरिण कोरलेला आहे. देवाचे वाहन, शिकाऱ्याचे भक्ष्य आणि ओठांना लावायचे भांडे अशा तीन नात्यांनी एकच प्राणी एकाच वस्तूत उभा असताना त्याला निव्वळ देवतेचे चिन्ह म्हणणे फारच तोकडे पडते, कारण चिन्ह दुसऱ्या कशाकडे तरी बोट दाखवून बाजूला होते आणि हा हरिण तर पिणाऱ्याच्या हातातच असतो.

तरीही चांदीतच देव वसतो असे हित्ती मानत होते, हा निष्कर्षही टिकत नाही. इसवी सनापूर्वी 14व्या शतकात शुप्पिलुलियुमा या हित्ती राजाने इजिप्तच्या राजाला पाठवलेल्या पत्रात, अमार्ना येथे सापडलेल्या पत्रसंग्रहातील एका पत्रात, भेटवस्तूंमध्ये हरिणरूपी एक चांदीचे पात्र 5 मिना वजनाचे आणि मेंढ्याच्या रूपातील दुसरे 3 मिना वजनाचे असल्याची नोंद आहे. मिना हे त्या काळचे वजनाचे माप, साधारण अर्ध्या किलोच्या आसपासचे. राजनैतिक व्यवहारात पात्र तोलले जाई, मोजले जाई आणि परदेशी दिले जाई, यात कोणालाही अपवित्रता वाटल्याचे दिसत नाही. देवळांच्या नोंदवह्यांत मात्र अशी पात्रे देवतेच्या नावाने, तिच्या मूर्तींच्या पंक्तीत मांडलेली आढळतात, म्हणजे नाव जोडले जाणे हीच निर्णायक गोष्ट दिसते.

म्हणूनच देव पात्रात आहे की नाही, हा प्रश्नच काहीसा चुकीच्या जागी उभा आहे असे वाटते. सान्निध्य हा धातूचा स्थायी गुण मानला तर अमार्नाचे पत्र अडथळा ठरते, आणि ते केवळ कल्पना मानले तर राजा देवाला पितो हे वाक्य पोकळ होते; परंतु पात्र भरले गेले, देवतेचे नाव घेतले गेले आणि वाद्य वाजले की सान्निध्य घडते, असे मानल्यास दोन्ही पुरावे एकमेकांना छेद देत नाहीत. चित्रपट्टीतही देवीच्या हातात पेला आहे, आणि पुढे आलेला उपासक तिच्यासमोर पेय ओतताना दाखवला आहे. पिणारा राजा तिथे कोरलेला नाही, कारण त्याची जागा पात्र धरणाऱ्याने प्रत्यक्ष भरायची होती.