पंपाची बंदूक घेण्याआधी

चि. रोहन,

तू फोनवर पाठवलेली यादी पाहिली. रेमिंग्टन ८७०, मॉसबर्ग ५००, शिवाय दोन-तीन नावं तर मीही पहिल्यांदाच वाचली. खाली प्रश्न एका ओळीचा: "मामा, वस्तीवर ठेवायला आणि रेंजवर वापरायला यातली भरवशाची कोणती?" उत्तर फोनवर देण्यासारखं नाही, म्हणून कागद घेतला.

यादीतल्या बंदुका वाईट नाहीत. रेमिंग्टन ८७० तर १९५० साली बाजारात आली आणि आजवर एक कोटीहून जास्त खपली. पण तुला ती मिळणार कुठून? परदेशी हत्यार आणायची वाट साध्या माणसाला १९८०च्या दशकातच बंद झाली, नामांकित नेमबाजांची गोष्ट वेगळी. आधीच देशात असलेल्या बंदुका एका परवान्यावरून दुसऱ्यावर फिरतात, आणि किंमत ऐकून माणूस खाली बसतो. एवढं करून खटक्याची स्प्रिंग तुटली तर इंदापुरात ती कोण देणार आहे? माझ्या लेखी भरवशाची बंदूक म्हणजे जिचा सुटा भाग आणि काडतूस आपल्या मुलखात मिळतं ती. बाराबोर पंप आपल्या सरकारी आयुध कारखान्यांनीही काढली आहे. काडतुसं तर आपल्याच जिल्ह्यात बनतात. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा आहे.

आता पंप म्हणजे नेमकं काय ते समजून घे. काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक बसतात. पुढचा दांडा मागे ओढला की रिकामं टरफल बाहेर पडतं, पुढे ढकलला की नवं काडतूस आत जातं. ही मेहनत तुझ्या हाताची, त्यामुळे काडतूस दमट किंवा कमजोर निघालं तरी बंदूक अडून बसत नाही. सेमी-ऑटोला मात्र बाराचाच जोर लागतो. पंपाचा गुण तो हाच, आणि खोडही हीच. घाबरलेला माणूस दांडा अर्धाच ओढतो. टरफल मध्येच अडकतं किंवा नवं काडतूस वर येतच नाही, आणि तोवर त्याला वाटत असतं की बंदूक भरलेली आहे. पलटणीत मी हात थरथरणारी धडधाकट पोरं पाहिली आहेत. पूर्ण ओढायची सवय नकली काडतुसं घालून, दिवसाउजेडी, पुन:पुन्हा केल्याशिवाय लागत नाही. तेवढा सराव करणार नसशील तर साधी डबलबारी बरी. मोडून पाहिली की भरलेली आहे की रिकामी ते डोळ्याला दिसतं, आणि एक बार फुसका गेला तरी दुसरी नळी असते.

नळीची लांबी विचारल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. व्हिडिओत दिसतात त्या अठरा-साडेअठरा इंची नळ्या. आपल्या १९५९च्या शस्त्र कायद्याचं तेरावं कलम संरक्षणासाठी किंवा खेळासाठी परवाना द्यायची भाषा करतं ती किमान वीस इंच नळीच्या, गुळगुळीत नळीच्या बंदुकीबद्दल. परवाना जिल्हाधिकाऱ्यांचा, चौकशी पोलिसांची. २०१६च्या नियमांपासून हत्यार हाताळायचं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि ते सुरक्षित कुठे ठेवणार हेही लिहून द्यावं लागतं. २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाकडे दोनच हत्यारं, आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं. त्याच दुरुस्तीत वरातीत किंवा गुलालात हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे तुझ्या मित्रमंडळींसाठी लिहिलं. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात हत्यार जमा करायची नोटीस येऊ शकते, तेव्हा ऐन गावगोंधळाच्या दिवसांत ते घरात नसेल हेही धरून चाल.

मला खरी काळजी वेगळी आहे. आपली वस्ती चारी बाजूंनी उसात. साखर कारखाना सुरू झाला की बांधाला तोडकऱ्यांच्या कोप्या पडतात. त्यात लेकरं झोपलेली असतात. शेजारी गोठा, त्याला पत्रा. मोठ्या छऱ्यांचा बार पत्रा भेदून पलीकडे जातो. अंधारात कुत्रं भुंकलं म्हणून तू चाप ओढलास, तर पलीकडे कोण आहे हे तुला ठाऊक नसतं. रात्रपाळीच्या लाइटीत पाणी धरायला गेलेला आपलाच गडी बॅटरी विझवून येत असेल. पाहिल्याशिवाय बार नाही. आणि पाहायचं तर आधी दिवे हवेत, बंदूक नंतर.

कायदाही हेच विचारतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. स्वसंरक्षणाची कलमं ३४ ते ४४. दरोडा, किंवा सूर्यास्तानंतर घर फोडून आत घुसणं, अशा प्रसंगी जीव घेण्यापर्यंतही हक्क जातो. पण मोटार किंवा केबल चोरून पळणाऱ्याच्या पाठीत मारायचा हक्क तुला कुणी दिलेला नाही. गरजेपेक्षा जास्त इजा केलीस तर कोर्टाच्या फेऱ्या तुझ्या. बिबट्याचा विचार तर डोक्यातून काढूनच टाक. तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वनखात्याला फोन करायचा, एवढंच.

तू म्हणशील, बंदूक कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात, मग रात्री उपयोग काय? बरोबर आहे, उपयोग कमी होतो. पण घरात शाळकरी भाचरं असताना दुसरी रीत मला मान्य नाही. ती दोन कुलपं उघडेपर्यंतचा वेळ दार, ग्रिल आणि उजेड यांनी काढायचा असतो. ११२ ला फोन लावायचा. तुमच्या गावात ग्रामसुरक्षा यंत्रणा सुरू असेल तर एका फोनवर सगळ्या गावाचे फोन वाजतात, आणि दरोडेखोराला बंदुकीपेक्षा जागं झालेलं गाव जास्त नको असतं.

रेंजचं म्हणशील, तर तिथं पंपाचं फारसं काम नाही. उडत्या चकत्यांच्या खेळात वर-खाली नळ्यांची डबलबारी चालते. राज्यवर्धन राठोडांचं २००४चं अथेन्सचं रौप्य डबल ट्रॅपमधलं, बाराबोरचंच. आपल्याकडची मोठी नावं मात्र रायफल-पिस्तुलातली. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, आणि २०२४ला पॅरिसमध्ये कांस्य आणणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. तुला नेमबाजीच शिकायची असेल तर एअर रायफलपासून सुरुवात कर, पुण्यात शिकवणारे आहेत. घरच्या राखणीचं आणि खेळाचं हत्यार एकच असावं हा हट्ट सोड.

आणि एक. तुझ्या आजोबांची विलायती डबलबारी आज तुझ्या वडिलांच्या परवान्यावर आहे. जुन्या विलायती बंदुकांपैकी बऱ्याच बंदुकांचं काडतुसाचं घर अडीच इंचाचं, म्हणजे ६५ मिलिमीटरचं असतं, आणि हल्लीचं सर्रास मिळणारं काडतूस ७० मिलिमीटरचं. ते आत बसतं, पण बार काढल्यावर दाब वाढून नळी फुटू शकते. नवीन घ्यायच्या आधी तीच पुण्यातल्या परवानाधारक कारागिराकडून मोजून घ्या. घेऊन वडिलांनीच जायचं, परवान्याचं पुस्तक सोबत. ते नसताना तू तिला हात लावायचा नाहीस. कारागीर काय म्हणतो ते कळव, मग पंपाचं बोलू.



तुझा,
नानामामा